डबा नावाचा ग्राहक

"कारण सांगा," यास्मिन म्हणाली.

"कशाचं?"

"दोनशे बारा नंबरच्या ओळीचं."

मंगळवार होता. शुक्रवार माझा नोकरीतला शेवटचा दिवस, आणि सोमवारी मला पुण्यातल्या नव्या कंपनीत हजर व्हायचं होतं. नव्या कंपनीची अट एकच : जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर. जुन्या कंपनीची अटही एकच : हँडओव्हर पूर्ण. आणि तो पूर्ण झाला की नाही हे ठरवणार होती माझ्या शेजारच्या खुर्चीतली यास्मिन मुजावर. ती तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे लागली होती आणि सही देण्याच्या बाबतीत तहसीलदारालाही मागे टाकणारी होती.

आता सहा वर्षं झाली या गोष्टीला. पण ती ओळ मला अजून तोंडपाठ आहे. तेव्हा नव्हती, हीच अडचण होती.

आमची कंपनी कोल्हापुरात, एका ब्रास बँडच्या तालमीच्या खोलीच्या वर होती. माणसं सात. लहान गावांच्या नगरपरिषदांसाठी आम्ही 'नळवार्ता' नावाचं सॉफ्टवेअर चालवायचो. काम सोपं होतं. गावातला पाणीवाला व्हॉल्व्ह फिरवणार, मोबाइलवर एक बटण दाबणार, आणि त्या भागातल्या सगळ्या घरांना त्याच सेकंदाला मेसेज जाणार : पाणी सुटले आहे. खाली बँडवाले वरातीची गाणी बसवायचे, वर आम्ही पाणी सोडायचो.

शनिवारी ही सगळी यंत्रणा नव्या सर्व्हरवर जाणार होती. त्यासाठी आमचे मालक निंबाळकर सर यांनी हँडओव्हरचा तक्ता करून दिला होता. रकाने तीन : 'काय आहे', 'का आहे', 'कुणाला विचारायचं'. प्रोग्राममधल्या ज्या ओळीपुढे 'का' रिकामा, ती नव्या सर्व्हरवर जाणार नाही. सर ज्या आवाजात हा नियम सांगायचे, त्यावरून ही नसबंदीची मोहीम असावी असं वाटायचं.

तीनशे चाळीस ओळींपैकी तीनशे एकोणचाळीस ओळींची कारणं माझी देऊन झाली होती. काही खरीसुद्धा होती.

दोनशे बारा नंबरची ओळ अशी : गाव बोरगव्हाण, व्हॉल्व्ह क्रमांक चौदा. इथे बटण दाबलं की दोनशे सहा घरांना लगेच मेसेज जात नाही. आधी एकाच नंबरला फोन जातो. पाच रिंग. मग फोन आपोआप बंद. मग नऊ मिनिटं काहीही नाही. मग दोनशे सहा घरांना मेसेज.

त्या एका नंबरच्या ग्राहकाचं नाव होतं 'डबा'. आडनाव नाही. पत्ता : वरची गल्ली, नळाजवळ.

आणि या सगळ्याच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने एक टीप लिहून ठेवली होती : "बदलू नकोस. कारण तुला माहीत आहे."

"कुठल्या माणसानं लिहिलंय हे?" मी विचारलं.

कोणती ओळ कुणी कधी लिहिली याची नोंद आपोआप राहते. यास्मिनने दोन बटणं दाबली. स्क्रीनवर नाव आलं : अभिनंदन मगदूम.

"मी," मी म्हणालो.

"म्हणजे कारण तुम्हाला माहीत आहे."

"तसं तिथं लिहिलंय खरं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. खाली ट्रम्पेटवाल्याने एक सूर धरला आणि सोडून दिला.

मी तारीख बघितली. तीन वर्षांपूर्वीचा एकवीस मार्च. मग माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला, पण चुकीच्या खोलीत. एकवीस मार्चच्या संध्याकाळी मी बोरगव्हाणहून परत आलो होतो आणि बावीसला टायफॉइडने दवाखान्यात भरती झालो होतो. ताप एकशे चार. त्या आठवड्यातलं मला आठवतं ते एवढंच, की छताचा पंखा माझ्याशी कानडीत बोलत होता. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातून "अभिनंदन!" अशी हाक मारायचा आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा हात जोडून "थँक्यू" म्हणायचे, हेही आठवतं. बोरगव्हाण आठवत नाही.

"म्हणजे तुम्ही हे तापात लिहिलं," यास्मिन म्हणाली.

"शक्यता आहे."

"तीन वर्षं एका गावाचं पाणी तापातल्या माणसाच्या मर्जीनं चाललंय."

"नऊ मिनिटांपुरतं," मी म्हणालो.

निंबाळकर सर चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. त्यांना पाठीमागून स्क्रीन वाचायची सवय होती. "डबा? हे काय आहे, मगदूम?"

"ग्राहक आहे, सर."

"आधी त्याला एकट्याला फोन जातो आणि गावाला नऊ मिनिटांनी मेसेज? अरे, हे कुणीतरी नगरसेवकाच्या मेहुण्यासाठी करून घेतलेलं दिसतंय. उडवा."

"उडवतो, सर," मी लगेच म्हणालो. माझा पगार चाळीस टक्क्यांनी वाढणार होता. डब्याशी माझं काही वैर नव्हतं, पण नातंही नव्हतं.

"नाही, सर," यास्मिन म्हणाली. "उडवायचं झालं तरी का उडवलं ते लिहावं लागेल. मी नाही सही करणार."

सरांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे, आणि ते निघून गेले.

"यास्मिन," मी खालच्या आवाजात म्हणालो, "तीनशे एकोणचाळीसवर भागव ना. शाळेत पस्तीसला पास करायचे."

तिने खुर्ची वळवली. "मी याच्या आधी इचलकरंजीला होते. यंत्रमागांचं सॉफ्टवेअर. ज्यानं हँडओव्हर दिला, त्यानं एका ओळीबद्दल सांगितलं, 'काही नाही ओ, जुनं आहे, राहू द्या नाहीतर काढा.' मी काढली. चाळीस माग अडीच दिवस बंद पडले. कारण कुणालाच माहीत नव्हतं, पण नाव माझं होतं. तुमच्या सोमवारसाठी मी परत तसलं काही अंगावर घेणार नाही, मगदूम सर."

मी डब्याला फोन लावला.

रिंग वाजली. वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

"कामात असेल," मी म्हणालो.

"डबा हे नाव असतं का पण?"

"टोपणनाव असेल. तुमच्याकडे नसतात?"

"असतात," तिने विचार करून कबूल केलं. "आमच्या गल्लीत एक किटली आहे. वकील आहे तो."

मग आमची दोघांचीही गाडी त्या दिशेने सुटली. डबा कोण असेल? यास्मिनच्या मते तो नगरपरिषदेचा कुणी मोठा माणूस होता, ज्याला आंघोळीला आधी पाणी लागतं. मी म्हटलं, मोठ्या माणसाला नऊ मिनिटं कशाला लागतात, त्याची टाकी असते. मग ती म्हणाली पैलवान असेल. मी म्हटलं पैलवानाचं नाव डबा कसं असेल. ती म्हणाली, म्हणूनच असेल. जेवताना ती म्हणाली, "पाचच रिंग का? सहा का नाही?" आणि मी हातात चपाती धरून तसाच बसलो. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या गोष्टीबद्दल एवढी उत्सुकता मला आयुष्यात परत कधी वाटली नाही. परीक्षेतल्या उत्तरांबद्दलही नाही.

आणि मधूनमधून आम्ही फोन करत होतो. मंगळवारी आठ वेळा केला. बुधवारी सकाळी यास्मिनने तिच्या मोबाइलवरून केला, न जाणो माझा नंबर त्याला आवडत नसेल. मग ऑफिसच्या फोनवरून केला. दुपारी जेवणाच्या वेळी केला, मग दुपारच्या झोपेच्या वेळी केला. एकदा आम्ही पूर्ण वाजू दिला, एकदा पाच रिंगनंतर बंद केला, म्हणजे त्याला ओळखीचं वाटेल. बुधवार संध्याकाळपर्यंत सतरा फोन झाले. डब्याने एकही उचलला नाही.

"जिवंत आहे ना?" यास्मिन म्हणाली.

"मोबाइल चालू आहे म्हणजे कुणीतरी चार्ज करतंय."

तिने बॅग उचलली. "उद्या सकाळी साडेसातची एस.टी. आहे बोरगव्हाणला. मी बघून ठेवलीय."

"सर सुट्टी देणार नाहीत."

"सरांना सांगितलंय मी. ग्राहकाला भेटायला चाललोय. खोटं काय आहे त्यात?"

बोरगव्हाण दोन तासांवर आहे. गाव सपाट आहे आणि एका बाजूला अचानक उचलल्यासारखं वर चढतं, जसं कुणी चटईचं एक टोक हातात धरलंय. एस.टी. स्टँडवर उतरून आम्ही त्या उचललेल्या टोकाकडे चालू लागलो. खालच्या गल्ल्यांत प्रत्येक नळाला मोटर जोडलेली होती. त्यांवर पोती, घमेली, एका ठिकाणी जुनी साडी झाकलेली. नळाला थेट मोटर लावायला बंदी असते, त्यामुळे सगळे ती झाकून ठेवतात, आणि झाकल्यामुळे कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. वर चढत गेलो तशा मोटारी संपल्या. मग नळ संपले. मग सिमेंटचा रस्ता संपला. शेवटी अकरा घरांची एक गल्ली, तिच्या मध्ये एक ओटा, ओट्यावर दोन तोट्यांचा सार्वजनिक नळ आणि बाजूला विजेचा खांब. खांबाला टेकून, खुर्चीवर, हातात काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ. बाकी चिटपाखरू नाही.

"आजोबा," मी म्हणालो, "इथं डबा कुठं राहतात?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग काठी उचलून डोक्यावर दाखवली. "त्यो काय."

खांबाला, माणसाच्या हाताला जेमतेम येईल अशा उंचीवर, एक पत्र्याचा डबा तारेने बांधला होता. बिस्किटांचा असतो तसला, चौकोनी. त्याला भोकं पाडलेली आणि एक पितळी कुलूप.

"तो नाही ओ. माणूस. डबा नावाचा."

"डबा नावाचा मानूस कुठं अस्तोय का?" आजोबा म्हणाले. "शहरातलं दिसताय."

यास्मिनने माझ्या कोपराला धरलं. ती डब्याकडे बघत होती. "मगदूम सर," ती हळूच म्हणाली, "लावा."

"काय?"

"फोन लावा."

मी अठराव्यांदा तो नंबर लावला.

डबा वाजला. साधा मोबाइल वाजतो तसा नव्हे. पत्र्याच्या आत, भोकांतून, सगळी गल्ली दणाणून जाईल असा वाजला. आणि पुढच्या तीन सेकंदांत त्या अकरा घरांच्या अकरा दारांतून माणसं धावत बाहेर आली. बायका, पुरुष, एक दाढी अर्धी केलेला माणूस, दोन शाळकरी मुली. प्रत्येकाच्या हातात हंडा, कळशी, बादली. सगळे नळाकडे धावले, एक हंडा तोटीखाली गेला, एक हात तोटीवर गेला.

तोटीतून फुस्स असा आवाज आला. पाणी नव्हतं.

सगळी गल्ली वळून खांबाकडे बघू लागली. खांबाखाली मी उभा होतो. फोन माझ्या कानाला होता. डबा अजून वाजत होता.

मी फोन बंद केला. डबा बंद झाला.

"घावला!" आजोबा उठून ओरडले. "घावला गं गोदाक्का! त्योच हाय!"

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, कारण सापडलं.

गोदाक्का म्हणजे साठीतली, काटक, हिरव्या लुगड्यातली बाई. तिच्या कमरेला किल्ली होती, डब्याची. ती हंडा खाली न ठेवताच माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सतरा येळा," ती म्हणाली. "दोन दिसांत सतरा येळा. परवा मी भाकरी तव्यावर टाकून पळाली, कोळसा झाला. काल दुपारच्याला सगळी झोपल्याली, तवा. ह्या शांतीची सून आठ म्हयन्याची गरवार हाय, ती बी पळाली. आमाला वाटलं खालच्या गल्लीची टवाळ पोरं. म्हणून तुकाप्पाला राखणीला बशिवलं. कोण म्हणायचं तुमी?"

"आम्ही..." मी सुरुवात केली, आणि त्यातल्या त्यात बरा शब्द मला सापडला. "नळवार्ता."

"सतरांतले चार माझे आहेत, मावशी," यास्मिन म्हणाली. "माफ करा."

तेवढ्यात खालून एक माणूस सायकल ढकलत वर आला. खाकी शर्ट, खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. धापा टाकत त्याने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अयायाया! मगदूम सायेब! तापवालं!"

गोदाक्काने डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हंडा खाली ठेवला. "आगं बया," ती म्हणाली. "ह्ये लई वाळलंय की."

तो माणूस म्हणजे गणपा सनदी, बोरगव्हाणचा पाणीवाला. पुढची पंधरा मिनिटं तो मला माझी गोष्ट सांगत होता. ओट्यावर बसून, आम्हाला चहा देऊन, अकरा घरांच्या साक्षीने. मी मध्येमध्ये "मग मी काय केलं?" असं विचारत होतो.

"तुमची मशीन यायच्या आदी," सनदी म्हणाला, "मी काय करायचो, सायकल घेऊन पयला हितं वर यायचो. सांगायचो, सोडतोय रं. मग खाली जाऊन व्हॉल्व सोडायचो. ह्यांचं हंडं भरायचं. मग खालच्या गल्लीत शिट्टी मारायचो. शिट्टी झाली की खाली दोनशे मोटारी सुरू. एकदा मोटारी सुरू झाल्या की वर थेंब चढत न्हाई. चढच हाय तसला."

"बरोबर," मी म्हणालो.

"मग तुमी आलासा. तुमची मशीन एका सेकंदात समद्यांला सांगनार. मी म्हटलं, लई भारी. पयल्या दिवशी बटन दाबलं, खाली दोनशे मोटारी सुरू झाल्या, आनि मी हितं येऊन बघतोय तर अकरा घरं रिकामं हंडं घेऊन उभी. दुसऱ्या पाळीला बी तेच. तवा मी तुमाला हितं घेऊन आलो. त्या पायरीवर बसलासा तुमी. अंगात ताप. गोदाक्कानं पाणी दिलं. तीन तांबे प्यालासा."

"याच नळाचं?"

"दुसरं कुठलं?"

ताप पाण्याच्या आधीपासून होता, तरी मला टायफॉइडचा उगम सापडल्यासारखं वाटलं. मी चहाचा कप जरा लांब धरला.

"मग तुमी म्हटलं, ह्यांना आदी फोन जाईल आसं करतो. पर फोन कुनाच्या घरी ठेवनार? दिवसा कवा ह्ये रानात, कवा त्ये कामाला. तर तुकाप्पा म्हटला, डब्यात ठिऊ. अकरा घरं, रोज एका घरानं चार्ज करायचा, सकाळी परत डब्यात. आज कुनाची पाळी हाय गं?"

"माझी," दाढी अर्धी केलेला माणूस म्हणाला.

"आणि पाच रिंग कशाला?" यास्मिनने विचारलं. ती पुढे सरकून बसली होती. हा प्रश्न तिला मंगळवारपासून सलत होता.

"पाच रिंगांत रानातल्या विहिरीपासनं हितवर येता येतं," गोदाक्का म्हणाली. "आमी पळून बघितलं हुतं. ह्ये सायेब मोजत हुतं. आनि बावीस हंडं भरायला नऊ मिन्टं. ती बी ह्यांनीच मोजली. कपाळ तव्यावानी तापलं हुतं, पर मोजत हुतं."

मी माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं, जेवढं आतून पाहता येतं तेवढं.

"पण तुम्ही कधी फोन उचलला का नाही?" मी विचारलं. "सतरा वेळा वाजला. एकदा उचलून विचारायचं ना, कोण आहे म्हणून."

अकराही घरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नळालाच शिवी दिली होती.

"उचलायचा नस्तो," गोदाक्का म्हणाली. "एकदा शांतीच्या पोरीनं उचलला हुता. त्या दिवशी पाणीच आलं न्हाई. उचलला की पाणी जातं."

यास्मिनने पिशवीतून वही काढली. "सनदी मामा, मी हे सगळं लिहून घेते. तक्त्यात कारण लागतं. या अकरा घरांना घरगुती नळ नाहीत, म्हणून—"

"लिवू नका," सनदी म्हणाला.

त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"ताई, कागदावर ह्या अकरा घरांला नळ हायती. चार वर्सांमागं पोचल्यात. फोटो बी हाय. कागद वर चढला, पाइप चढली न्हाई. आनि घरोघरी नळ पोचल्यावर सार्वजनिक नळ बंद करायचा आसतो, म्हणून ह्यो नळ कागदावर बंद हाय. मी दर पाळीला बंद नळाला पाणी सोडतो. कुठं लिवलं, कुनी वाचलं, की तपासणी. तपासणी झाली की पाइप न्हाई येत, ताई. सील येतं. मागं बी ह्या सायेबांला म्हटलं, लिवू नका. तर म्हणालं, मी फकस्त माझ्यापुरतं लिवतो."

"बदलू नकोस," यास्मिन पुटपुटली. "कारण तुला माहीत आहे."

मग मला ते आठवलं. सगळं नाही. फक्त ती पायरी, मांडीवरचा गरम लॅपटॉप, आणि माझी अशी ठाम समजूत, की आपण हे कधी विसरणं शक्यच नाही.

परतीच्या एस.टी.त यास्मिन खिडकीशी बसली. वही तिच्या मांडीवर उघडी होती. कोरी.

"कारण लिहिलं तर नळ जातो," ती शेवटी म्हणाली. "नाही लिहिलं तर ओळ जाते. ओळ गेली की पाणी जातं."

"हो."

"आणि सही नाही केली तर तुझी नोकरी जाते."

तीन आठवड्यांत ती मला पहिल्यांदा अरे-तुरे करत होती. मी ते लक्षात न आल्यासारखं केलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत आहे वेळ," मी म्हणालो. "काहीतरी खोटं लिहू. तांत्रिक. सरांना तांत्रिक आवडतं."

"खोटं मी लिहिणार नाही," ती म्हणाली आणि डोळे मिटले. झोपली नव्हती, कारण खड्डा आला की भुवया वर जात होत्या.

शुक्रवारी दुपारी चार वाजता निंबाळकर सरांच्या केबिनमध्ये तक्ता उघडला गेला. खाली बँडवाल्यांनी एक संथ गाणं धरलं होतं, बहुतेक पाठवणीचं. सर एकेक पान उलटत होते. दोनशे बारावर थांबले. तो रकाना यास्मिनने माझ्यासमोर भरलाच नव्हता. "मी भरते," एवढंच म्हणाली होती. आता मी टेबलाच्या या बाजूने उलटा वाचला.

काय आहे : व्हॉल्व्ह चौदा, आधी एक मिस्ड कॉल, नऊ मिनिटांनी मेसेज. का आहे : चढ.

"चढ?" सर म्हणाले.

"चढ, सर," यास्मिन म्हणाली.

"म्हणजे?"

"वर पाणी चढत नाही. खाली मोटारी लागायच्या आत वर पोचावं लागतं."

सरांनी चष्मा काढला. ते राहायला रंकाळ्याच्या वरच्या अंगाला, एका अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा भाव आला, जो मी तोपर्यंत फक्त जुन्या जखमा दाखवणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला होता. "खालच्या मजल्यावरचा तो डॉक्टर," ते म्हणाले, "पहाटे पाचला मोटर लावतो. सहा वर्षं झाली." त्यांनी बोट पुन्हा त्या ओळीवर ठेवलं. "मग तो डबा कोण आहे?"

"वरच्या गल्लीचा माणूस आहे, सर," मी म्हणालो. "फार उंचावर असतो."

"मग बरोबर आहे. नऊ मिनिटं कमीच आहेत खरं तर." त्यांनी चष्मा लावला. "आणि कुणाला विचारायचं?"

तो तिसरा रकाना मला उलटाही नीट दिसला नव्हता. सरांनी मोठ्याने वाचला : "यास्मिन मुजावर."

इचलकरंजीत चाळीस मागांसाठी जिचं नाव विनाकारण अडकलं होतं, तिने ते आपणहून तिथे लिहिलं होतं. तिने पेन काढलं, तक्त्याखाली सही केली, तारीख घातली आणि पेनचं टोपण लावलं. टक असा आवाज झाला.

माझं पत्र मला साडेपाच वाजता मिळालं. त्यात लिहिलं होतं, की श्री. मगदूम यांनी सर्व माहिती समाधानकारकपणे सुपूर्द केली आहे.

निघताना मी यास्मिनच्या टेबलापाशी गेलो. "एक राहिलं. शनिवारी सर्व्हर बदलताना ती ओळ नीट गेली, हे मला कळणार कसं?"

"रविवारी बोरगव्हाणला पाणी आहे. एरवी वेळेचा नेम नसतो, पण सनदी मामा सकाळी साडेसहाला बटण दाबतो म्हणालेत."

"पण मी पुण्यात असणार. आणि गोदाक्काकडे दुसरा फोन नाही."

"तुझा नंबर दिलाय मी त्यांना," ती म्हणाली. "मंगळवारपासून अठरा फोन झाले, शेवटचा तुझा. त्यांच्या डब्यात तसाही पहिला नंबर तुझाच आहे."

रविवारी सकाळी मी कर्वेनगरमधल्या एका खोलीत, दोन अनोळखी माणसांमध्ये, उशाला बॅग घेऊन बसलो होतो. साडेसहा वाजले. सहा चाळीस झाले. मी मनातल्या मनात बावीस हंडे भरले. सहा पंचेचाळीसला एक हंडा पुन्हा भरला, न जाणो सांडला असेल. शेजारचा माणूस उठून म्हणाला, "कुणाचा निकाल आहे का?" मी म्हटलं, "नळाचा." त्याने पुन्हा पांघरूण ओढून घेतलं.

सहा एकोणपन्नासला फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं : डबा.

एक रिंग. दोन. शेजारचा माणूस पांघरुणातून ओरडला, "अरे उचल की!" तीन. चार. मी फोन दोन्ही हातांत धरून बसलो होतो.

पाच. फोन बंद झाला.

"उचलला का नाहीस?" तो चिडून म्हणाला.

"उचलायचा नसतो," मी म्हणालो. "उचलला की पाणी जातं."